चाकांवर दूध, इंजिनात चहा

हॅलो?… हॅलो, कोण?… मोठ्यानं बोल रे, नुसता वारा ऐकू येतोय… हो, नंदिनच. तुझ्या बायकोचा फोन दुसरं कोण उचलणार?… टेकडीवर चढलास का? अजून थोडा वर जा, त्या दगडांच्या राशीपाशी… हां. आता येतोयस.

नाही. झाली नाही… गाडी झाली नाही, म्हणतेय. इंजिनाचं हेड उतरवून बाकावर ठेवलंय आणि आपली व्हॅन तोंड वासून उभी आहे, दात काढायला आल्यासारखी… माझा आवाज? सकाळपासून असाच आहे माझा आवाज.

थांब, आधी मी विचारते. चहा कुणी ओतला?

चहा रे, चहा. आपला, दुधाचा, मिठाचा. रेडिएटरमध्ये कुणी ओतला?… मला कसं कळलं?

तेच सांगतेय. इथल्या गॅरेजवाल्या गोम्बोदादांनी हेड उचललं. गॅस्केट जळालेलं असणार हे ठाऊकच होतं, त्याचं काही नाही. पण पाणी खेळायच्या वाटांमध्ये पांढरं पांढरं साचलेलं. त्यांना आधी वाटलं, ऑइल आणि पाणी एक झालं की होतं तसंच असेल. मग बोटावर घेतलं, वास घेतला, चिमटीत चहाची पत्ती धरून उजेडात बघितली आणि मला म्हणतात, "पोरी, तुमच्याकडं मीठ जरा जास्त पडतं का गं?" आजूबाजूला ड्रायव्हर उभे. एकाची तर हसता हसता टोपी पडली. मी कुठं बघायचं?

हं… हं… शर्यतीहून येताना. म्हणजे उन्हाळ्यात… माझा थर्मास? निळा?… पाणी नव्हतं, नदी लांब होती, आणि सगळे म्हणाले ओत. सगळे म्हणजे कोण रे? घोडीचं दूध आंबवून ढोसलेले?… अरे, पाणी नसलं तर इंजिन थंड होईपर्यंत माणूस बसून राहतो. गवतावर आडवा होतो. तुला पुरेवकाकांचा घोडा कितवा आला ते सांगायची घाई. आणि घरी येऊन मला काय सांगितलंस? थोडं पाणी उडालं. थोडं पाणी!

ऐक. आपण निघालो की आई चाकांवर दूध शिंपडतात ना, वाट चांगली जावी म्हणून? ते बाहेरून शिंपडायचं असतं.

हसू नकोस. मी हसवायला नाही बोलत.

काय?… नाही, नुसतं गॅस्केट घालून बंद नाही करायचं. त्याचंच तर बोलायचंय. रिंगा. पिस्टनच्या रिंगा बदलायच्या… बघ, मी वाक्य संपवायच्या आत 'कशाला'.

कशाला ते ऐक. हेड उतरवायच्या आधी दादांनी सगळ्या सिलिंडरांचा दाब मोजला. एकाचा काटा अर्ध्यावरच दमला. मग त्यात चमचाभर ऑइल सोडलं आणि पुन्हा मोजला, तर काटा टुणकन वर. म्हणजे दाब सुटतोय तो रिंगांपाशी. ऑइलनं फट भरली तेवढ्यापुरता थांबला… हो, कळतं मला. सकाळपासून इथं बसून दुसरं काय केलं?

धूर सगळ्यांच्याच गाड्यांतून येतो. येऊ दे. पण सगळे गोवऱ्यांच्या ढिगामागे ऑइलचे रिकामे डबे लपवत नाहीत… हो, बघितले. मला वाटलं, मेंढ्यांच्या औषधाचे असतील. मी आपली भोळी. तू उन्हाळाभर गुपचूप ऑइल पाजतोयस तिला, माझ्यासमोर मात्र 'मस्त चाललीय, मस्त चाललीय'.

दादा काय म्हणतात? ते म्हणतात, नुसतं गॅस्केट घातलं तरी गाडी चालेल. वसंतापर्यंत ओढेलही, शपथ मात्र घेणार नाही. वरून घट्ट केलं की सगळा जोर खाली जातो, आणि खाली तर फाटकंच आहे. दोन्ही होण्यासारखं आहे, घरात ठरवा, असं म्हणाले आणि चहा प्यायला गेले… हो, कपातला.

नाही, सिलिंडरचं भोक घासून मोठं नाही झालेलं. ते पण बघितलं. सिलिंडरच्या वरच्या काठाशी नख फिरवायचं. नख अडकलं तर नव्या रिंगा तिथं आपटून तुटतात, मग सगळंच बदलायला लागतं. माझंच नख फिरवायला लावलं त्यांनी. नाही अडकलं. जरासं जाणवलं, बस. म्हणजे अजून रिंगांवर भागतंय. पुढच्या वर्षी नाही भागणार. आता हेड उतरलेलंच आहे, अर्धं काम झालंय. नंतर पुन्हा उघडायचं म्हणजे पहिल्यापासून.

रिंगा इथं नाही मिळत. उलानबातरहून बसच्या ड्रायव्हरबरोबर पाठवतील… हो, ठाऊक आहे मला. तोवर हिवाळ्याच्या तळावर घर हलवायचा दिवस उलटलेला असेल, ठाऊक आहे… लामांनी दिवस काढून दिला, मान्य. दिवस मोडू नकोस. दिवस पाळ की! लामांनी दिवस सांगितला, व्हॅननंच जा असं कुठं सांगितलं? पुरेवकाकांचे उंट माग. तुझ्या आजोबांनी जन्मभर उंटांवर तंबू बांधून घर नेलं, त्यांना कुणाचं गॅस्केट आडवं आलं नाही.

लोक हसतील? इथं हसून झालंय.

उंटांपुढं मी हवी, बाईनंच दोर धरायचा असतो, हो… मग आई धरतील. खूश होतील उलट. मी आल्यापासून त्यांना कुणी दोर धरू दिलाय?… नाही, मी गाडी घेऊन मागून येईन. रिंगा बसल्या की. त्याआधी नाही.

असं बोलू नकोस. हट्ट नाही हा… तू तिथून टेकडीवर उभा राहून शेळ्या हाकतोयस, सोपं आहे तुला. मला खिंड दिसतेय. मागच्या हिवाळ्यातली. आठवतेय की तीही चहात बुडाली?

मग सांगते मी. चढावर दम गेला गाडीचा. निळा धूर, आणि मग काहीच नाही. आत पोर तापानं फणफणलेली, तिच्या छातीतून असा आवाज, कुणी बर्फावरून चामडं ओढतंय तसा. मी तिला माझ्या अंगरख्यात उघड्या छातीला बांधलं होतं. तो तेलाचा टँकरवाला आला नसता तर? नाव तरी विचारलंस का त्याचं? मी पण नाही विचारलं… तो आला म्हणून पोर पोचली दवाखान्यापर्यंत. दर वेळी टँकर येतो का?

आणि 'तिला काही होत नाही' म्हणू नकोस मला. नाव 'एनेबिश' ठेवलं, 'ही नव्हे ती', दुष्ट नजर चुकावी म्हणून. ठेवलं ना. माझीही श्रद्धा आहे. पण नावानं नजर चुकते रे, खोकला वाट चुकत नाही.

…

काय?… कुठं आहे म्हणजे?

इथंच आहे ती. माझ्या पायाशी, टायरवर बसलीय. वाळवलेल्या दह्याचा खडा चघळतेय, तोंडभर काळं ग्रीस… नाही, ताप नाही. पण सुरू झालंय पुन्हा. अजून पहिला बर्फ पडला नाही आणि रात्री… थांब, ऐकवते. बाळा, बाबा आहे. बोल बाबाशी… लाजतेय. थांब, जरा धर…

ऐकलंस?… ऐकलंस ना?

मी नाही करायला लावला तो खोकला. तसाच येतो तिला.

…

मी रडत नाहीये. गॅरेजचा धूर आहे… तू टोपी घातलीस का? मग कान झाक. तिथं वर सगळं जग तुझ्या कानात शिरत असेल आणि माझं तेवढं शिरत नाही.

हो, रागावलेय. चहासाठी नाही. चहाचं पुढच्या वर्षी मी पण हसत सांगेन, सगळ्यांसमोर, बघशील तू. लपवलंस म्हणून रागावलेय. मला सांगितलं असतंस, रिंगा गेल्यात, तर उन्हाळ्यातच केलं असतं काम, दिवसाचा आणि रिंगांचा असा सामना झाला नसता. आता झालाय. आता एकच सांग. दादा कप ठेवून बघतायत माझ्याकडं, हात पुसून उभे आहेत. हेड तसंच चढवायचं, की रिंगांसाठी खालचा ऑइलचा चेंबर खोलायचा?

काय?… वारा येतोय… नाही, शेवटचं नाही आलं. 'आईला विचारतो' म्हणालास की… हॅलो?… तिथं चढून आई कधी यायच्या! तू सांग. हो की नाही, एवढंच… हॅलो?… ल्हामसुरेन?… अरे…

…

गोम्बोदादा, खोला खालचा चेंबर. आणि रिंगांचा निरोप आजच्या बसबरोबरच जाऊ दे.

त्याला? हो, विचारलं की.

हो म्हणाला.