यशोदाबाईंचे शेवटचे दोन किलो

…आणि वर ती चंद्रभागा म्हणते कशी, "द्या हंडा इकडं बाई, मोडाल!" मोडाल! आता तुम्हीच सांगा, माणूस म्हणजे काय पापड आहे? आमच्या यशोदाबाईंना ते इतकं झोंबलं, की तुम्हाला सांगते, त्या दिवशी शाळेत चौथीच्या पोरांना सतराचा पाढा दोनदा म्हणायला लावला. पोरांचा काय दोष हो?

पण थांबा, आधीपासून सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल बाई मुळातच काडी. छे! ब्याऐंशी सालच्या जानेवारीत यशोदाबाई चौऱ्याण्णव किलो होत्या! नाशिकरोडला आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात त्या वर निघाल्या की खाली येणारा माणूस आपणहून परत वर जायचा. मग गुडघे कुरकुरले, रक्तात साखर निघाली, डॉक्टरीणबाईंनी दम भरला, आणि बाईंनी घेतलं मनावर. अर्धी भाकरी, उकडलेला दुधी, बिनसाखरेचा चहा, पहाटे झपाझप फेरी… दीड वर्षात चौपन्न! चाळीस किलो उतरवले! म्हणजे चौथीतल्या दोन पोरी, दप्तरांसकट.

दर रविवारी प्लॅटफॉर्म तिकीट काढून स्टेशनात जायच्या. गाडी नाही, पाहुणा नाही, नुसतं त्या लाल दिव्यांच्या वजनाच्या यंत्रावर उभं राहायला. चक्र गरागरा फिरायचं, खटकन पुठ्ठ्याचं तिकीट पडायचं, बाई आकडा बघायच्या आणि म्हणायच्या, "अजून दोनच किलो!" साठ झाले, अजून दोनच किलो. छप्पन झाले, अजून दोनच किलो. नवरा रावजी, गरीब माणूस, विचारायचा, "अगं, पण थांबायचं कधी?"

"अहो, एवढे दोन झाले की!"

आता या चंद्रभागेचं बघा. समोरच्या दारात राहणारी, माहेर घोटीचं, भाताच्या मुलखातली. ताटात भाताचा ढीग असा, की पलीकडे बसलेला नवरा दिसू नये. ऐंशी किलो तर सहज असेल. आणि खालच्या नळावरून डोक्यावर दोन हंडे, कमरेवर कळशी, दोन मजले चढून वर यायची आणि धाप लागायची सोडून गप्पा मारायची! यशोदाबाई दाराच्या फटीतून तिचे दंड बघत बसायच्या. आहे की नाही कमाल? आयुष्यभर बाई बारीक बायकांवर जळल्या, आता स्वतः बारीक झाल्या, तर जळायला ही निघाली!

बरं, लोकांनी कौतुक तरी करावं? कुणी विचारतंय, "कावीळ झाली होती का?" हेडबाई सावित्रीबाईंनी तर बाजूला घेऊन हळूच, "घरात काही त्रास आहे का गं?" आणि कळस म्हणजे रावजी! जेवता जेवता म्हणतो, "चंद्रभागाबाईंनी आज सिलिंडर एकटीनं वर आणलं. काय ताकद आहे गं!" बाईंनी पळी उचलली. रावजीच्या वाटीत आमटीचं नुसतं पाणी पडलं, डाळ नाही पडली.

त्यातच ते "मोडाल" झालं. मग काय! दुसऱ्या दिवशी बाई नळावर हजर, दोन हंडे घेऊन. बायकांची रांग बघतेय. एक डोक्यावर, एक कमरेवर, निघाल्या ऐटीत. पहिला मजला झाला. वळणावर डोळ्यांपुढे काजवे! हंडे गडगडत खाली, आणि बाई पायरीवर बसल्या त्या बसल्याच. चंद्रभागा मागूनच येत होती. तिनं काय करावं? डोक्यावरचा हंडा तसाच ठेवला, आणि यशोदाबाईंना उचललं. काखेत! वळकटी उचलावी तशी! अख्ख्या बिल्डिंगीदेखत दुसऱ्या मजल्यावर नेऊन खाटेवर ठेवलं, आणि वर म्हणते, "काहीच वजन नाय हो बाईंना!"

दीड वर्ष जे वाक्य ऐकायला बाई तडफडल्या, ते ऐकायला मिळालं. आणि काखेत असताना!

डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि चष्मा काढला. "यशोदाबाई, चरबी कधीच संपली. आता तुम्ही तुमचं स्वतःचं मांस खाताय. कमी करणं आजपासून बंद. अंडी खा, हरभरे खा, डाळ खा, आणि वजन उचला. दर आठवड्याला थोडं जास्त."

"पण डॉक्टर, अजून दोनच—"

"एक ग्रॅमसुद्धा नाही!"

घरी येऊन बाई पाट्यासमोर बसल्या. वजन उचलायचं म्हणजे काय? तालमीत तर बायका जात नाहीत. वरवंटा घेतला, दार लावलं, आणि दोन्ही हातांनी डोक्यावर… एक, दोन, तीन… रावजीनं दार ढकललं, तर बायको वरवंटा उगारून उभी! "अगं, मी चुकलो, चंद्रभागाबाईंचं नाव घेणार नाही!"

पंधरा दिवसांनी यंत्राचं तिकीट पडलं. पंचावन्न! बाई प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर बसून रडल्या हो. हमालानं विचारलं, "गाडी चुकली का ताई?" पण नेट धरला. आणि काळजावर दगड ठेवून एक दिवस चंद्रभागेकडे गेल्याच. "मला उचलायला शिकव."

चंद्रभागा बघतच राहिली. "कमरेतून नाय बाई, मांड्यांतून उठायचं." मग खाली बघून म्हणाली, "खरं सांगू? तुमच्याकडं बघून म्या भात सोडला होता. लय जळायची मी तुमच्यावर. तिसऱ्या दिवशी नवऱ्याच्या ताटातला खाल्ला."

यशोदाबाईंना इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं, की त्या दिवशी त्यांनी तिच्याकडे पोटभर भात खाल्ला.

वर्षभरात साठ किलो, साखर ताब्यात, आणि दंड? दगड! आता पुढचं ऐका. बिल्डिंगीत रंगकाम निघालं. तिसऱ्या मजल्यावर भिकाच्या घरात तीन पुरुष लोखंडी कपाट ढकलतायत, कपाट जागचं हलेना. तर आमचे रावजी छाती फुगवून म्हणतात, "थांबा, आमच्या हिला बोलावतो!" बाई आल्या, पदर खोचला, एकीकडून त्या, दुसरीकडून चंद्रभागा, कपाट बाहेर! टाळ्या पडल्या. झालं… तेव्हापासून कुणाचं कपाट असो, कुणाचा पलंग असो, "यशोदाबाईंना हाक मारा!"

आणि त्या कपाटाच्याच वेळी भिकाची नवी बायको, शेवग्याच्या शेंगेएवढी पोरगी, तिनं साधी खुर्ची सरकवायला हात लावला, तर भिका धावला, "अगं, तू नको, तुला झेपणार नाही!"

कपाटाखाली वाकलेल्या यशोदाबाईंनी तिच्याकडे असं बघितलं… तुम्हाला सांगते, सध्या बाई तिच्यावर जळतायत!