चाकवाल्याचा उद्या

...विश्रांती झाली का म्हणून मला विचारूच नका! जो भेटतो तो तेच विचारतो, काय, समुद्र बघून आलात, ताजेतवाने झाला असाल. कसला ताजातवाना? तुम्हाला सांगतो, रजेने माणूस इतका दमतो हे मला माहीत असतं तर मी कधी रजा मागितलीच नसती. आणि हे सगळं त्या सॉफ्टवेअरमुळे. नाही नाही, वाईट नाहीये ते. वाईट असतं तर मी आनंदाने नावं ठेवली असती आणि शांत झोपलो असतो.

आमचा कारखाना चाकांच्या खुर्च्यांचा, म्हणजे दवाखान्यात पेशंटला बसवून ढकलतात ना, त्या, आणि मी खरेदीत. आता तुम्ही म्हणाल, खुर्चीत खरेदी करण्यासारखं असतं काय? अहो, चाकं एकाकडून, नळ्या दुसऱ्याकडून, ब्रेक तिसऱ्याकडून, कापड चौथ्याकडून, आणि यातल्या एकाचाही माल वेळेवर आला तर मला धडकीच भरायची, याच्या घरी सगळं ठीक आहे ना म्हणून.

पण चालायचं. का चालायचं? कारण कोण किती खोटं बोलतो ते मला तोंडपाठ होतं. विक्रीवाला धावत यायचा, "दोनशे खुर्च्या लागतील, गिऱ्हाईक दारात उभं आहे!" मी समजायचो, शंभर, आणि गिऱ्हाईक अजून घरी अंघोळ करतंय. स्टोअरचे अण्णा म्हणायचे, "ब्रेक? औषधाला नाही." म्हणजे जिन्याखाली खोकी आहेत आणि वर गोणपाट टाकलंय. आणि चाकवाला... चाकवाल्याला फोन केला की एकच, "साहेब, गाडी उद्या निघतेय, काळजीच सोडा." त्याचा उद्या म्हणजे पुढचा गुरुवार. ड्रायव्हर रुसला तर त्याच्या पुढचा. ही सगळी वजाबाकी डोक्यात ठेवून मी अर्धं आयुष्य तो कारखाना चालवला. मालकांना वाटायचं, ते चालवतात. मी म्हटलं, वाटू दे.

फक्त रजा कधी मिळाली नाही. बायकोला समुद्र बघायचा होता, काही सोनं-नाणं नाही मागितलं बिचारीने, समुद्र. दरवर्षी बॅग भरायची, मी चपला घालायचो की फोन वाजायचा, नळ्या आल्या नाहीत, आणि बॅग पुन्हा माळ्यावर. शेवटी एकदा ती म्हणाली, "अहो, तुमच्यावाचून तो कारखाना बंद पडतो की काय?" मी म्हटलं, "पडतो." आणि खरं सांगतो, ते म्हणताना मला फार बरं वाटायचं.

तर अशात मालकांनी ते नियोजनाचं सॉफ्टवेअर आणलं. शिकवायला एक मॅडम आल्या, माझ्या मुलीच्या वयाच्या, आवाज मऊ. "काका, गिऱ्हाइकाची मागणी, आपल्याकडचा साठा, माल यायची तारीख, सगळं एका जागी दिसेल. एक गोष्ट मागं-पुढं झाली की पुढचं सगळं ते आपोआप लावून घेतं. आपण फक्त खरं काय ते भरायचं." खरं काय ते भरायचं! आमच्या कारखान्यात! मी म्हटलं, बाई गं, तू मागून मागून मागितलंस तरी काय!

झालं, भरलं सगळ्यांनी. विक्रीवाल्याने दोनशे भरल्या. अण्णांनी ब्रेक शून्य भरले. चाकवाल्याने उद्या. आणि ते सॉफ्टवेअर, अगदी भोळा सांब, सगळ्यांवर विश्वास ठेवून बसलं. ब्रेक आले... इतके आले की जिन्याखाली मावेनात, मग बोळात, मग मालकांच्या केबिनच्या दारात, आणि मालक अंग चोरून, पोट आत घेऊन स्वतःच्या केबिनमध्ये शिरायला लागले. आणि चाकांचा पत्ता नाही. ब्रेक ढीगभर, पण थांबवायचं काय? मी आपला चहा घेत हे बघत होतो आणि मनातून खूश होतो, खोटं कशाला बोलू.

पण त्या मॅडम काही चिडेनात. "असू दे काका, ते शिकतं." म्हटलं, काय शिकतं? तर कोणी काय तारीख दिली आणि माल खरा कधी आला, हे ते मुकाट्याने बघत होतं. एक दिवस सकाळी कॉम्प्युटर उघडतो तर पडद्यावर चाकवाल्याच्या 'उद्या'समोर त्याने स्वतःच लिहिलेलं, पुढचा गुरुवार. माझा गुरुवार होता हो तो! विक्रीवाल्याच्या दोनशेच्या शंभर केलेल्या. आणि अण्णा, ज्यांनी सख्ख्या भावाला कधी खिळा दिला नाही, ते आपल्या हाताने गोणपाट काढून खोकी मोजत होते. म्हटलं, अण्णा, तुम्हीसुद्धा? तर म्हणाले, "आता संपायच्या आत येतात ना, मग लपवून करू काय?"

मग एकदा नळीवाल्याचं मशीन बंद पडलं. पूर्वी असं झालं की मी दिवसभर दोन्ही कानांना दोन फोन लावून बोंबलत असायचो. आता? पडद्यावर लहान मुलांच्या खुर्च्या पुढे आल्या, त्यांच्या नळ्या शिल्लक होत्या, मोठ्या मागे गेल्या, गिऱ्हाइकांना नव्या तारखा कळल्या, आणि माझा चहा अजून संपला नव्हता. मालक पाठीवर हात ठेवून म्हणाले, "आता तुम्ही निवांत रजेवर जा." निवांत म्हणे.

गेलो समुद्रावर. बायको समुद्र बघतेय, मी फोन बघतोय. वाजेना. बंद करून चालू केला, तरी वाजेना. शेवटी हिला म्हटलं, जरा मला फोन लाव. वाजला. मी म्हटलं, "कोण बोलतंय?" "मी. तुमच्या शेजारी बसलेय." मग राहवेना, अण्णांना लावला, "काही अडलंय का? खरं सांगा." "खरंच सांगतोय, काही नाही. हल्ली तेच भरावं लागतं ना." चाकवाल्याला लावला, तर म्हणतो, "साहेब, गाडी आज निघाली." आज! इतका चांगला माणूस, बिघडला.

आणि संध्याकाळी, तुम्हाला सांगतो, फोन किणकिणला. मी असा उठलो की खुर्ची उलटी. निरोप कारखान्यातून! उघडला, कुणा माणसाचा नव्हता, त्या सॉफ्टवेअरचाच होता. "चाकांची गाडी वाटेत थांबली आहे. आवश्यक बदल केले आहेत. आपण काहीही करण्याची गरज नाही."

मी तो दोनदा वाचला. बायकोने माझ्या हातातून फोन घेतला, तिनेही वाचला, पर्समध्ये टाकला आणि म्हणाली, "चला, पाण्यात पाय घाला. तेवढं अजून तुमचं तुम्हालाच करावं लागतं."

घातले. काय करणार...