आठ व्हॉल्व्ह आणि एक फेरी

भागीरथी: ...म्हणजे चकचकीत केले, हा माझा गुन्हा झाला?

दामाजी: गुन्हा नाही गं. शांतपणे ऐक. बाल्कनीत मी खाली आवारातल्या जुन्या गाडीचे हे आठ व्हॉल्व्ह ओळीनं मांडले होते की नाही?

भागीरथी: तेलकट, काळे. चार दिवसांवर गणपती आलेत. देवाची उपकरणी घासायला घेतली, त्यातच हेही घासले. चिंच नि राख. बघा, तोंड दिसतंय.

दामाजी: तोंड दिसतंय. पहिला कुठला नि पाचवा कुठला, ते दिसत नाही.

भागीरथी: आठही सारखेच तर आहेत!

दामाजी: लांबून वर्गातली मुलंही सारखीच दिसतात. इंजिनात प्रत्येक व्हॉल्व्हची आपली जागा असते. त्या जागेच्या काठावर घासून घासून तो नेमका बसवलेला असतो. दुसऱ्याच्या जागी ठेवला तर बारीकशी फट राहते. फटीतून जोर निसटतो, इंजिन धापा टाकतं आणि बंद पडतं.

भागीरथी: मग नंबर घालून ठेवायचे.

दामाजी: घातले होते. खाली लादीवर. खडूनं.

भागीरथी: लादी मी पुसली.

दामाजी: कळलं ते.

भागीरथी: तीस वर्षं टेक्निकल शाळेत फळा पुसलात. खडू पुसला जातो हे ध्यानात नाही आलं? पोरांना तर सांगायचात, खोलण्याआधी पंचनं ठिपका मारा म्हणून.

दामाजी: छत्तीस सालचं इंजिन आहे, भागीरथी. त्याच्यावर हातोडा मारायला हात धजेना.

भागीरथी: आमचा हात पोळला तेव्हा म्हणालात, तूप लाव.

गुणाजी: सर, येऊ का? हेडचं गॅस्केट आणलंय. माजिवड्याला गॅरेज पोराच्या भरवशावर सोडून आलेलो, पण थांबतो आज. काय झालं? काकू रागावल्यात?

भागीरथी: मी नाही, तुझे सर. व्हॉल्व्ह घासले म्हणून.

गुणाजी: आयला! मिक्स झाले? सर, खाली सोसायटीचे सेक्रेटरी भेटलेले. बोलले, उद्या रविवार, दहाला कमिटी येणार. गाडी आहे तिथेच मंडप घालायचाय. चालू असेल तर मागच्या भिंतीला उभी राहू दे. नाहीतर भंगारवाला हातगाडी घेऊन दारात.

दामाजी: माहीत आहे. नोटीस वाचली मी.

गुणाजी: आणि खाली लिहिलंय, मालकानं स्वतः एक फेरी मारून दाखवायची. का तर सर गॅरेजवाल्याला आणून खेळ करतील. गॅरेजवाला म्हणजे मीच ना?

दामाजी: हं.

गुणाजी: टेन्शन नाय, सर. आठही परत घासून बसवू. पेस्ट आहे ना?

भागीरथी: मला सांगा काय करायचं ते. बिघडवलं मी, घासते मी.

दामाजी: बरं. हे इंजिनाचं हेड, व्हॉल्व्हच्या जागा यातच आहेत. ही काठी. टोकाला रबराची टोपी, ती व्हॉल्व्हच्या डोक्याला चिकटते. खाली काठाला पेस्ट लावलीय. आता काठी दोन्ही तळव्यांत धरून—

भागीरथी: ताक घुसळायचं.

दामाजी: अं... हो. पुस्तकात जरा वेगळं लिहिलंय. आता थांबायचं कधी, ते नीट लक्षात—

भागीरथी: आत्ता करकरतंय. आवाज मऊ झाला की थांबायचं. हो ना?

दामाजी: हे कळायला मुलांना सहामाही लागायची.

भागीरथी: मुलांनी जात्यावर दळलं नव्हतं. सरका, उजेड अडवू नका.

(दुसऱ्या दिवशी सकाळी. इमारतीचं आवार. गाडीचं बॉनेट उघडं.)

गुणाजी: सर, परत एकदा. हँडल मारतो. एक... दोन...

भागीरथी: अगंबाई! बोलायला लागली की!

दामाजी: ऐक, ऐक. चारही सिलिंडर. एकही मागे नाही. हिला आणून सहा वर्षं झाली गं.

भागीरथी: डोळ्यांना हात लावू नका, तेल आहे. ते बघा, सेक्रेटरी घड्याळ दाखवतायत.

गुणाजी: बसा, सर. एक फेरी, काम फत्ते.

दामाजी: गुणाजी, जरा इकडे ये. हळू बोल. मला गाडी चालवता येत नाही.

गुणाजी: काय बोलता, सर!

दामाजी: शाळा दोन गल्ल्या सोडून. चालत जायचं, चालत यायचं. प्रसंगच आला नाही. कल्याणच्या एका वकिलांनी ही टाकून दिली, तेव्हाही तिथून ठाकुर्लीमार्गे ढकलतच घरी आणली आपण.

भागीरथी: अहो, मग आणलीत कशाला?

दामाजी: दुरुस्त करायला.

भागीरथी: आणि दुरुस्त झाल्यावर?

दामाजी: इतक्या लवकर होईल असं वाटलं नव्हतं.

भागीरथी: गुणाजी, बसव रे यांना. मी कमिटीशी बोलत उभी राहते. देणगीचा विषय काढते, म्हणजे कुणी इकडे बघणार नाही.

गुणाजी: बसा, सर. मी शेजारी आहे. क्लच दाबा.

दामाजी: क्लच म्हणजे दोन चकत्यांमधलं घर्षण. मी स्वतः तुमच्या वर्गाला शिकवलंय.

गुणाजी: हो, आणि त्यात मी नापास झालेलो. आता तो तुमच्या डाव्या पायाखाली आहे. दाबा. गियर मी टाकतो. आता पाय हळूहळू वर.

दामाजी: बंद पडली!

गुणाजी: पडू दे. मी उतरून हँडल मारतो, तुम्ही उतरू नका. सगळ्यांची पडते, सर... हं, झाली चालू. परत. अजून हळू. पाय लटपटला तरी चालेल.

भागीरथी: अहो! अहो, हलली! सेक्रेटरी, देणगीचं राहू द्या, तिकडे बघा!

दामाजी: गुणाजी, पुढे बांबू रचलेत. वळणार कशी ही?

गुणाजी: उजवीकडे फिरवा. अजून. बस्स. आता सरळ.

दामाजी: तू स्टिअरिंग धरलंयस ना रे?

गुणाजी: केव्हाच सोडलं, सर.