अप्पांच्या कप्तानाचे डोळे

नाही, मला एक सांगा, करंगळीएवढ्या माणसाला डोळे हवेतच कशाला? बघायचंय काय त्याला? उचलणार मी, सरकवणार मी, मेला की डबीत टाकणार मी, तो कुठं बघून चालतोय! पण नाही. चिलखत झालं, ढाल झाली, मिशीला पीळसुद्धा झाला... आणि डोळे राहिलेत! हसू नका. ज्याचे राहतात त्यालाच कळतं.

तुम्हाला सांगतो, आमचा छंद म्हणजे टेबलावरची लढाई. दोन बाजूंना दोन सैन्यं, फासे टाकायचे, पट्टीनं मोजायचं, सैनिक पुढं सरकवायचे. पण लढाई महिन्यातून एकदा, तीन तासांत खलास! उरलेला महिना काय करायचं? सैनिक रंगवायचे! ते येतात राखाडी, कोरे, आणि मंडळाचा नियम असा कडक की न रंगवलेला शिपाई टेबलावर चढवायचा नाही.

बारा वर्षांपूर्वी मी पहिली पलटण रंगवली. रंगात पाणी घालतात हे कुणाला माहीत? डबीत ब्रश बुडवला की थेट तोंडावर! चिलखताच्या कड्या बुजल्या, बोटं बुजली, एकाचं तर नाकच गेलं. आणि डोळे... पांढरा ठिपका, त्यात काळा ठिपका, सगळे टक्क उघडे! आमच्या मंडळात एक औषधांचा दुकानदार आहे, त्याला आम्ही सरसेनापती म्हणतो, कारण तो आजवर एकदाही जिंकलेला नाही. तो वाकला, पलटणीकडे बघितलं आणि म्हणाला, "का रे, लढाईवर चाललोय हे यांना आत्ताच सांगितलंस का?" झालं! तेव्हापासून माझं सैन्य म्हणजे घाबरी पलटण.

मग मी इरेला पेटलो. रंग पातळ करायला शिकलो, सावली द्यायला शिकलो, श्वास सोडून मगच ब्रश टेकवायला शिकलो. मधे दोनदा ब्रश चहात बुडवला आणि एकदा ब्रश धुतलेलं पाणी प्यायलो, ते सोडा. पण खरी गोम कळली ती चौथ्या वर्षी. डोळे आधी काढायचे! चेहऱ्याच्या आधी! मग ठिपका इकडेतिकडे गेला तरी बिघडत नाही, वरून कातडीचा रंग फिरवायचा आणि पापणीपाशी आणून थांबवायचा. चूक गडप! ज्या दिवशी हे कळलं त्या दिवशी मी हिला पेढ्यासारखी बातमी दिली. ही म्हणजे आमची बायको. ती म्हणाली, "बरं. आता गॅस बंद करा, दूध उतू चाललंय."

पण एक बघा हं. हात सुधारला की नजर सुधारते, आणि नजर सुधारली की माणूस घाबरायला लागतो. पूर्वी एका बैठकीत तीस-तीस डोळे काढायचो, बेधडक, शीळ घालत! आता एक डोळा काढायचा तर तीनदा हात धुतो, दोनदा दिवा सरकवतो, आणि मग आठवतं की खिडकीच्या पडद्यावर धूळ फार साचलीय. बारा वर्षांत मी काय कमावलं म्हणाल, तर ही धडधड!

आता अप्पा. अप्पा म्हणजे आमचे सासरे. घड्याळजी. चाळीस वर्षं एका डोळ्याला भिंग लावून बसलेला माणूस. मी त्यांना भितो. भितो म्हणजे भितोच, त्यात लाजायचं काय? लग्नाचं विचारायला पहिल्यांदा त्यांच्या दुकानात गेलो, तेव्हा त्यांनी वर बघितलं ते भिंग न काढता! एक डोळा साधा आणि एक हा एवढा! मी नाव सांगायच्या ऐवजी म्हणालो, "घड्याळाचा पट्टा आहे का?" पट्टा घेऊन परत आलो. घड्याळ नव्हतं माझ्याकडे!

माझ्या छंदाला ते म्हणायचे बाहुल्या. "काय जावईबापू, बाहुल्या कशा आहेत?" मग दोन वर्षांपूर्वी त्यांनी दुकान बंद केलं. म्हणाले, गिऱ्हाईक राहिलं नाही. पण घरी आले की चहाचा कप बशीवर वाजायचा, किणकिण, किणकिण. आम्ही दोघंही तिकडे बघायचो नाही. ही उगाच मोठ्यानं बोलायला लागायची. आणि एक दिवस अप्पा, भिंतीकडे बघत, म्हणाले, "तुमच्या त्या बाहुल्यांची एक पेटी द्या मला. वेळ जात नाही."

दिली पेटी. कप्तान आणि त्याची तुकडी. सहा महिने चकार शब्द नाही. मग एका सोमवारी ही माहेरून आली ती एक घड्याळाची डबी घेऊन. आत कापूस, कापसावर कप्तान. अहो, काय सांगू! मी बारा वर्षं झटलो आणि असा चेहरा मला एकदाही साधला नाही. गालफडाखाली सावली, नाकाच्या शेंड्यावर जरासा उजेड, ओठ मिटलेले, आणि हनुवटीवर चार दिवसांची दाढी... दाढी हो, मोहरीएवढ्या हनुवटीवर! त्या कपबशी वाजवणाऱ्या हातानं! कसं केलं असेल? दोन थरथरींच्या मधे जेवढा वेळ मिळतो, तेवढ्या वेळात केलं असणार. मला भरून आलं, खोटं कशाला सांगू. आणि सोबत चिठ्ठी. "डोळे तुम्ही काढा. रविवारी चार वाजता बघायला येतो."

कळलं का तुम्हाला? चेहरा आधी झालाय... आणि डोळे राहिलेत! आता ठिपका घसरला तर झाकायचं कशानं? अप्पांच्या रंगावर माझा रंग फासायचा? ही दारात उभी राहून हळूच म्हणाली, "सांभाळून हं. त्यांच्याकडून परत नाही व्हायचा तो." झालं, पाचावर धारण बसली माझी!

सोमवार गेला, मंगळवार गेला. मी सगळे ब्रश धुतले. दिव्याचा बल्ब बदलला. टेबलाचा एक पाय डुगडुगतो म्हणून कागद घातला, मग दुसरा डुगडुगायला लागला. सरसेनापतीला फोन केला, तो म्हणाला, "डोळे मिटलेले दाखव. झोपलाय म्हणावं." घोड्यावर! तलवार उपसून! शुक्रवारी मी डाव्या अंगठ्याच्या नखावर सराव सुरू केला. शनिवारपर्यंत पाचही नखांवर डोळे. ही जेवताना ताट घेऊन उठली. "तुमचा हात बघतोय माझ्याकडे!"

रविवार. दोन वाजले. कप्तान बुचावर चिकटवला, कोपरं टेबलावर रोवली, मनगटाला मनगट टेकवलं, श्वास सोडला... आणि पडदा झटकून आलो. तीन वाजले. बसलो. पांढरं घातलं. डावा डोळा काढला. साधला! अहो, असा साधला की कप्तान माझ्याकडे बघायलाच लागला. एका डोळ्यानं. थेट दुकानातले अप्पा! आता उजवा त्याच दिशेला, त्याच उंचीवर, तेवढाच. पंधरा मिनिटं मी नुसता ब्रशाचं टोक बघत बसलो. मग हात पुढं नेला... जवळ... अजून जवळ... रंग टेकणार, टेकणार...

टिंग टाँग!

चार म्हणजे चार! घड्याळजी ना तो माणूस! एक मिनिट उशीर करायला काय झालं होतं?

हात उडाला. फार नाही, केसभर. पण त्या एवढ्याशा डोळ्यात केसभर म्हणजे गावभर! काळं वर सरकलं, खाली पांढरं राहिलं... टक्क! मी घाईघाईनं डावा त्याला जुळवायला गेलो, तोही टक्क! संपलं. इकडे बारा वर्षं पाण्यात आणि तिकडे अप्पा बाहेर चपला काढताहेत.

आले. बसले. खिशातून भिंग काढलं, डोळ्याला लावलं. मी कप्तान पुढं केला, तो माझ्या हातात थरथरतोय, त्यांनी घेतला, त्यांच्या हातात थरथरतोय. ही स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाशी धरून. मग अप्पा म्हणाले, "हा घाबरलाय."

"हो," मी म्हणालो.

"कशाला?"

आता इथं माणसानं काहीतरी थाप मारावी की नाही? शत्रूला म्हणावं, तोफेला म्हणावं! पण माझी बोबडी वळली आणि खरं ते बाहेर पडलं. "तुम्हाला, अप्पा."

त्यांनी वर बघितलं. भिंग न काढता! मी खुर्ची घट्ट धरली. आणि तुम्हाला सांगतो, अप्पा हसले. पहिल्यांदा! भिंग पडलं ते मांडीवर पडलं, तरी हसताहेत. मग डोळे पुसत म्हणाले, "चेहऱ्यापर्यंत हात पोचतो हो माझा. डोळ्यांशी आलो की थांबतो. मला वाटायचं, हे मला एकट्यालाच होतं." आणि पिशवीत हात घालून त्यांनी एक बिस्किटांचा डबा काढला. झाकण उघडलं. आत कापूस. कापसावर अख्खी तुकडी! एकवीस शिपाई, एकवीस चेहरे, एकेकाची दाढी वेगळी...

आणि डोळे राहिलेत!

"हेही काढा," अप्पा म्हणाले, "पण अगदी असेच. कप्तान एकटा घाबरलेला बरा दिसत नाही."

एकवीस शिपाई. बेचाळीस डोळे! गेले सात दिवस मी बसलोय. साधा डोळा काढू म्हटलं तर निघतोय, करारी निघतोय, तिरका निघतोय, पण तो टक्क घाबरलेला काही केल्या निघत नाही. बारा वर्षांपूर्वी तोच मला न शिकता येत होता हो!