चार भावांचं एक वायफाय

पोलीस आले तेव्हा मी तिथे नव्हते. शेजारच्या सुनंदावहिनींनी सांगितलं तेवढंच सांगते. आमच्या उधना वस्तीतल्या त्यांच्या एकत्र कुटुंबात महिन्याचा बांधलेला पगार फक्त त्यांच्या नवऱ्याला. म्हणून वायफाय त्याच्या नावावर, आणि वापरणारे चारही भाऊ, त्यांच्या बायका, मुलं. त्याच वायफायवरून कोणा मुलीला धमकी गेली होती.

"पासवर्ड सगळ्यांना कशाला दिला?" साहेबांनी विचारलं.

सासूबाई उसळल्या, "सख्खा भाऊसले नही कसं सांगानं?"

शेवटी नवऱ्याने पासवर्ड बदलला आणि केवळ वहिनींना सांगितला.

"सुटलात एकदाच्या," मी म्हटलं.

वहिनींनी दार लोटून घेतलं. "ताई, काल साहेब परत आले होते. पासवर्ड बदलल्यानंतर याच वायफायवरून दुसरी धमकी गेलीय. मी तर पाठवली नाही."