बिनगाठीचं घोंगडं

ऐका रं पोरांनो, शेकोटीजवळ या. आन् ते फुलाफुलांचं ब्लँकेट आदी बाजूला टाका बघू. दिसायला गुळगुळीत, सगळं खरं, पर दव पडलं की त्याचं पोतेरं हुतंय. हे घ्या घोंगडं. टोचतं म्हणता? टोचू द्या की! जरा टोचतं, पर वरनं पाऊस कोसळला तरी आतला माणूस कोरडा. मेंढरू मरतं, त्याची लोकर मरत न्हाय, असं माझा बा म्हणायचा.

पर एक सांगतो. घोंगड्याची आस काय जित्या माणसालाच असती असं न्हाय. हिव मेलेल्याला बी वाजतं. हसू नगंस रं सोपाना! हसून झालं की मग काळखडीच्या खिंडीकडं तोंड करून हस, बघू तुझी छाती.

तर धुळाप्पा म्हणून आपल्यातलाच एक मेंढका. गडी तगडा, पर स्वभाव उतावळा. उकळतं पाणी सुद्धा फुंकर न मारता प्यायचा. पौषाचा महिना. खिंडीच्या वर माळावर त्याचा वाडा बसलेला. वाडा म्हंजे चौसोपी न्हवं बरं का, मेंढरांची जाळी, कापडाची दोन पालं आन् कुत्री. त्या पालात त्याची बायको म्हाकूबाई बाळंत झाली. दिस भरायच्या आदीच. पोरगी झाली, एवढी एवढीशी, मांजराच्या पिल्लागत. आन् आदल्याच साली तिचं पहिलं पोर असल्याच थंडीनं गेलेलं. त्या माउलीच्या जिवाचं काय झालं आसंल, तुम्हीच बोला.

सुईण म्हातारी म्हणाली, "धुळा, ह्या पोरीची कातडी अजून पिकली न्हाय. मोठं घोंगडं हिला सोलून काढंल. आन् लुगड्याच्या चिंधीत ही रात काढायची न्हाय. जावळाचं घोंगडं दिलं हुतंस न्हवं विणायला? ते आण. उजाडायच्या आत आण."

जावळ म्हंजे कोकराची पयली कातरण. लोण्यासारखी मऊ. तसलं घोंगडं अंगावर घेतलं की आईच्या कुशीत गेल्यागत वाटतं. ते खाली गावात ईश्वरा सनगराच्या मागावर हुतं. धुळा पळत सुटला. सनगराच्या दारात पोचला तवा दिवेलागण हुऊन गेलेली. ईश्वरानं घोंगडं नुकतंच मागावरनं उतरवलेलं. टोकाचे दोरे सुटेच लोंबत हुते. त्याला आम्ही दशा म्हणतो.

ईश्वरा म्हणाला, "थांब गड्या. गाठी न्हाईत मारल्या अजून."

"गाठींचं राहू द्या. घरी मारतो."

"आरं, तुला ठावं न्हाय व्हय? सनगर विणतो, पर दशांच्या गाठी घरच्या माणसानं मारायच्या, ज्याचं पांघरूण त्याचं नाव घेऊन. तवर ते कुणाचंच नसतं. असलं बिनमालकाचं घोंगडं रातीचं खिंडीतनं न्हेऊ नगंस. एक गाठ तरी मार. लेकीचं नाव घे आन् मार."

"नाव कुठं ठेवलंय अजून? बारसं व्हायचंय. आत्या यायचीय तिची."

"मग गाडीवाटेनं जा."

गाडीवाट पडली लांबची. डोंगराला वळसा. त्या वाटंनं गेला असता तर उजाडलंच असतं. धुळानं जावळाचं घोंगडं काखंत मारलं, आपलं जुनं काळं घोंगडं डोक्यावरनं खोळ करून घेतलं, आन् निघाला. खिंडीतनंच निघाला की!

अंधार कसला म्हणता, डोळ्यात बोट घातलं तरी कळू नये. थंडीनं दगड उललेले. रातकिडा सुद्धा गप. धुळा आपला झपाझप चाललाय, आन् खिंडीच्या तोंडाशी वाटंच्या कडंला कोण बसलंय? एक बाई! गुडघ्यात मुंडी घालून, थरथर थरथर कापतीय.

"दादा, लई हिव वाजतंय रं. घोंगड्याचं टोक दे."

आता आपल्यात रीत काय? कुडकुडणाऱ्याला घोंगड्यात घ्यायचं. जात इचारायची न्हाय, गाव इचारायचं न्हाय. धुळा घाईत हुता, पर माणूसच ना त्यो! डोक्यावरची खोळ उतरवली आन् तिच्या अंगावर घातली. "बाई, हे घ्या. उद्या माळावर वाड्यावर आणून द्या." आन् चालायला लागला.

चार हात गेला न्हाय तर पायाला काहीतरी लागलं. वाकून चाचपतो तर त्याचंच काळं घोंगडं! पर कसं? वाळल्या कातड्यागत ताठ. वर दव गोठलेलं. बोटं चिकटली त्याला! आत्ता अंगावरनं उतरवलेलं, अजून त्याच्या अंगाची ऊब निवली नसंल, आन् ह्याचं हे काय झालं?

आन् म्होरं वाटंवर तीच बाई. तशीच बसलेली. मागं राहिली हुती ना? मग म्होरं कशी आली?

"ह्याच्यात तुझा घाम हाय," ती म्हणाली. "मालकाचं घोंगडं मला ऊब देत न्हाय. काखंतलं दे. ते कुणाचंच न्हाय."

आरं, हिला कसं ठावं? कुणी सांगितलं हिला? त्यानं जुनं घोंगडं तिथंच टाकलं आन् धूम ठोकली. अंगात नुसती बंडी. काखंतलं घोंगडं छातीशी कवटाळलेलं. मनात एकच, पोरगी वाट बघतीय.

पळतोय, पळतोय, आन् वळणावर उजेड! मोठी शेकोटी पेटलेली. आन् शेकोटीपाशी कोण? म्हाकूबाई! पदरात पोर घेऊन उभी. त्याच्या जिवात जीव आला. वाटलं, वाड्यावरची माणसं सामोरी आली.

"अवो, किती उशीर! पोर गारठलं. टाका, टाका घोंगडं हिच्यावर!"

धुळानं घोंगडं म्होरं केलं बी! दोन्ही हातांनी म्होरं केलं! पर हात शेकोटीवर आलं आन् त्याला चटका बसला. जाळाचा न्हवं रं, गारठ्याचा! जाळ भडकलाय, लाकडं तडतडत्यात, आन् हाताला लागतंय काय तर हिरीच्या तळातलं पाणी! त्यानं म्हाकूबाईच्या तोंडाकडं बघितलं. ती बोलत हुती, पर तोंडातनं वाफ येत न्हवती. असल्या थंडीत कुत्र्याच्या तोंडातनं वाफ येती, आन् हिच्या न्हाय! पदरात बघितलं, तर पोर कुठलं? पांढरा दगड गुंडाळलेला.

"बिरोबा!" म्हणून किंचाळला आन् उलटा फिरला. शेकोटी इझली. फुंकर मारल्यागत, एकदम. पुन्हा काळामिट्ट अंधार.

तुम्हाला वाटलं सुटला? आरं, खरी गंमत आता हाय. गंमत कसली, त्या धुळाला इचारा.

चढ लागला. धुळा धापा टाकतोय. पर काखंतलं घोंगडं हलकं हलकं लागाय लागलं. आदी वाटलं, थंडीनं हात बधिर झाला. मग चाचपलं. घोंगडं कमी झालेलं! हातभर कमी! आन् दशा लांबलेल्या, बाईच्या मोकळ्या केसांगत गुडघ्यापातूर लोंबाय लागलेल्या. त्यानं बोटानं शोधलं, तर त्या टोकातनं एक धागा निघालेला. मागं अंधारात गेलेला. ताणलेला. सरसर, सरसर उसवत चाललेला!

खिंडीच्या खालनं कुणीतरी ओढत हुतं. सावकाश. ओळ झाली की दुसरी ओळ. विणलेलं सगळं जावळ तिकडं चाललेलं, आन् तिकडनं गुणगुणणं ऐकू येत हुतं, पोराला निजवताना बाई गुणगुणती तसं.

धागा तोडाय गेला, तुटंना! दातानं तोडाय गेला, दात आंबलं. पळावं तर धागा आनखी उसवतोय. थांबावं तर ती जवळ येतीय. निम्मं घोंगडं गेलं. मांडीवर पसरण्याइतकं राहिलं. धुळा मटकन खाली बसला आन् लहान पोरावाणी रडला. "आई, न्हेऊ नगंस! माझी लेक मरंल! एक पोर गेलंय माझं थंडीनं. तू बाईच हैस न्हवं?"

धागा थांबला.

अगदी कानाशी, गार वारा लागल्यागत, ती बोलली, "माझं बी गेलं. ह्याच खिंडीत, ह्याच पौषात. कुणी घोंगड्यात घेतलं न्हाय. हे कुणाचं हाय ते सांग. नाव सांग, सोडते."

ऐका, आता नीट ऐका. बारसं न झालेलं पोर, त्याला नाव न्हाय. नाव ठेवायचा मान आत्याचा. बापानं ठेवायचं नसतं, आन् असल्या जागी तर बोलायचंच नसतं. पर धुळाला कुठलं भान! त्याच्या तोंडाला जे नाव आलं ते त्यानं घेतलं. दशांची गाठ मारली, नाव घेतलं, दुसरी मारली, नाव घेतलं. मोठ्यानं घेतलं, डोंगराला ऐकू जाईल असं! पाच-सहा गाठी बसल्या आन् धागा तुटला. मागं सगळं शांत. धुळा उठला आन् जो पळाला, तो कुत्री भुंकाय लागल्यावरच थांबला.

पालात शिरला. पोरीचं ओठ निळं पडलेलं. सुईणीनं त्याच्या हातातनं घोंगडं हिसकावलं आन् पोरीला गुंडाळलं. मोठ्या माणसाला ते कंबरंला बी पुरलं नसतं, पर त्या पिल्लाला पुरलं. म्हाकूबाईनं छातीशी धरलं. आन् थोड्या येळानं पोरगी रडली! जावळाची ऊब, बाबांनो! धुळा पालाच्या दांडीला धरून हमसाहमशी रडला.

म्हाकूबाई म्हणाली, "निम्मंच कसं आणलं?"

त्यानं सगळं सांगितलं. ती ऐकत हुती. नावाचं सांगितल्यावर तिचं तोंड पांढरंफटक पडलं.

"नाव दिलंत? तिला?"

"मग काय करू? सोडत न्हवती."

"अवो, घोंगडं द्यायचं हुतं! आपण पोरीला उरावर धरून रात काढली असती. नाव दिलंत?"

तेवढ्यात भाईरची कुत्री गप झाली. एकदम. मेंढरं सगळी एका बाजूला सरकली. आन् जाळीच्या पल्याड कुणीतरी हाक मारली. वरडून न्हाय रं, मायेनं. लाडानं. तेच नाव घेऊन.

आन् ती पोरगी, आज जन्मलेली, जिला मान धरता येत न्हाय, ती रडायची थांबली. तिनं मान वळवली. भाईरच्या अंधाराकडं बघून हसली!

म्हाकूबाईनं काय करावं? तिनं पोरीचा एक कान आपल्या छातीला दाबला आन् दुसऱ्या कानाला तोंड लावलं. मनाला आलं ते दुसरंच नाव घेतलं. "धोंडू! धोंडू! धोंडू माझी!" दगडाधोंड्याचं नाव, कुणाला न्यावंसं वाटू नये असं. भाईरनं हाक यायची, ती आतनं हाक मारायची. रातभर! घसा बसला, रगात आलं, तरी बाई थांबली न्हाय. तांबडं फुटलं तवा कुठं भाईरची हाक लांब गेली. तेव्हाच पालं उचलली आन् वाडा हालवला.

पोरगी वाचली. मोठी झाली, लगीन झालं, नातवंडं झाली. पर तिच्या देखत ते पयलं नाव कुणी घेतलं न्हाय. मला ठावं हाय ते. इचारू नगा, मी सांगणार न्हाय. कारण काळखडीच्या खिंडीत पौषात अजून कुणीतरी ते नाव घेऊन हाका मारत फिरतंय. आन् त्या नावाची दुसरी एखादी पोर त्या वाटंनं गेली, आन् तिनं नुसती "ओ" दिली, तर?

म्हणून सांगतो. लांब पडली तरी गाडीवाटंनं जा. त्या खिंडीत पाऊल टाकू नगा. बिनगाठीचं पांघरूण घेऊन तर न्हाईच न्हाई.

सोपाना, घोंगडं घे रं नीट अंगावर. आन् भाईर कुणीबी हाक मारू दे, आज रातीला ओ देऊ नगंस.