विश्वंभर कासाराचा मोठा कॅमेरा

बसा, बसा मंडळी. पुढं सरकून बसा. मागच्या खांबाला टेकून बसणाऱ्यांना विनंती एकच: झोप लागली तर घोरू नका. तबलजीचा ठेका चुकतो.

आज तुम्हाला एक प्रश्न विचारतो. देवानं आपल्याला डोळे दिले, ते कशासाठी? बघायला. बरोबर. मग आपण बघतो का? की बघितलं होतं याचा पुरावा गोळा करत फिरतो? लगेच उत्तर देऊ नका. गोष्ट ऐका, मग सांगा.

आपल्या बार्शीत विश्वंभर कासार नावाचा फोटोग्राफर. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. बापजाद्यांचा धंदा बांगड्यांचा, पण ह्यानं बांगड्या सोडल्या आणि बांगड्या भरलेल्या हातांचे फोटो काढायला लागला. बायको कुमुदिनी. फोटो काढायचा विश्वंभर, पण फोटो घडवायची कुमुदिनी. नवरीचा पदर सारखा करणं, रडक्या पोराला हसवणं, आणि पोट आत घ्या हे पाटलांना न दुखावता सांगणं, ही सगळी खाती तिच्याकडं.

कॅमेरा रोलचा. रोल म्हणजे मोजकी चित्रं. त्यामुळं विश्वंभर डोळा लावून थांबायचा. थांब, थांब, थांब... आणि नेमक्या क्षणाला खट्! लोक म्हणायचे, विसूभाऊ फोटो काढत नाही, वाट बघतो.

फोटोग्राफरला सगळ्यात सोपं गिऱ्हाईक कुठलं, सांगू? गाभाऱ्यातला हा आपला देव. हलत नाही, डोळे मिटत नाही, आणि फोटो बघून "मी एवढा जाड दिसतो का" असं विचारत नाही. अवघड तुम्ही. तुमच्यासाठी वाट बघावी लागते.

तर, झालं काय? रोल धुऊन देणारी लॅब बंद पडली. आता डिजिटल घेतल्याशिवाय गत्यंतर नाही. नवरा-बायको पुण्याला गेले. दुकानात गेल्यावर विक्रेत्यानं काचेवर दोन कॅमेरे ठेवले. दोन्ही डिजिटल एसएलआर. एक लहान, विश्वंभरच्या जुन्या कॅमेऱ्याच्याच कंपनीचा. दुसरा वेगळ्या कंपनीचा, हा एवढा! पुढं लेन्स अशी, की सत्यनारायणाला कलश म्हणून मांडावी.

कुमुदिनीनं पहिलाच प्रश्न विचारला. "आमच्या जुन्या लेन्सा ह्याला बसतील का?"

विक्रेता म्हणाला, "लहान कॅमेऱ्याला बसतील ताई. एकाच कंपनीच्या आहेत. फोकस हातानं फिरवावा लागेल, तेवढंच. मोठ्याला मात्र बसणार नाहीत."

विश्वंभरनं लहान कॅमेरा उचलला. मुठीत बसला. डोळ्याला लावला, आणि त्याचा चेहरा असा झाला, जसा आपला चष्मा सापडल्यावर होतो. कुमुदिनी समजली, काम झालं. ती पिशवी उचलायला लागली.

आणि तेवढ्यात तो विक्रेता म्हणाला, "बार्शीचे का तुम्ही? तुमच्याच गावचे भाले सर गेल्या महिन्यात हा मोठा घेऊन गेले."

संपलं!

भाले कोण? रणजित भाले. विश्वंभरच्या बरोब्बर समोर ज्याचा स्टुडिओ, तो. मंडळी, माणूस स्वतःच्या गरजेला घाबरत नाही. समोरच्या दुकानाला घाबरतो. विश्वंभरनं लहान कॅमेरा खाली ठेवला. "ह्याच्यात मेगापिक्सेल जास्त आहेत," म्हणाला. मेगापिक्सेल म्हणजे काय, हे त्या वेळी त्याला तुमच्या-माझ्याइतकंच माहीत होतं. मोठा कॅमेरा गळ्यात आला. कुमुदिनी पुण्यापासून बार्शीपर्यंत एक शब्द बोलली नाही. लग्न झालेल्यांना मी अधिक काही सांगायला नको.

आता ह्या नव्या कॅमेऱ्याला मागं स्क्रीन. फोटो काढला की लगेच दिसतो. आणि विश्वंभरला लागली सवय! खट्, मान खाली. खट्, मान खाली. लांबून वाटायचं, माणूस कॅमेऱ्याला नमस्कारच घालतोय.

अशात आलं धोंडिराम गुरवाच्या लेकीचं लग्न. धोंडिराम सनईवाला. पंचक्रोशीत कुणाचं लग्न त्याच्या सनईशिवाय लागलं नाही. मोठा करडा माणूस. शेकडो नवऱ्या त्याच्या सुरावर रडत सासरी गेल्या, पण ह्याच्या डोळ्यात कुणी कधी पाणी बघितलं नाही. पाहुणे म्हणाले, "तुम्ही मुलीचे वडील, आज तरी वाजवू नका." तो म्हणाला, "माझ्या सविताच्या लग्नात दुसरा कोण वाजवणार?"

मंगलाष्टकं संपली. अक्षता पडल्या. अंतरपाट खाली आला. धोंडिरामनं सनई ओठाला लावली, आणि सूरच निघेना. गाल फुगतायत, ओठ थरथरतायत, आवाज नाही. हार हातात घेऊन उभी असलेली नवरी तशीच बापाकडं वळली. हसली. म्हणाली, "वाजवा की आबा. मी थांबते."

आणि मंडळी, तो करडा माणूस लेकीकडं बघत ढसढसा रडला. रडत रडतच त्यानं सनई उचलली आणि वाजवायला लागला. मांडवात असा एक डोळा नव्हता, की ज्यानं ते बघितलं नाही.

एक होता. विश्वंभरचा. तो मान खाली घालून अंतरपाटाचा फोटो नीट आला का, ते बघत होता.

आठ-दहा दिवसांनी धोंडिराम दुकानात आला. टोपी काढून बसला. "विसूभाऊ, बाकी फोटो माझ्या बायकोला दाखवा. मला फक्त तो एक द्या. पोरगी माझ्याकडं वळली होती, तो."

विश्वंभर म्हणाला, "उद्या देतो."

नव्हताच, तर देणार काय? रात्रभर कॉम्प्युटर चाळला. जिलबी होती. मांडवाचा खांब होता. वरमाईची कोपरं नाना बाजूंनी होती. तो फोटो नव्हता. शेवटी लाज गुंडाळून समोर भालेकडं गेला. भाले आनंदानं म्हणाला, "त्यात काय एवढं? पंगतीतला चेहरा उचलू, हातात सनई देऊ, गालावर दोन थेंब टाकू." आणि केलंही त्यानं! फोटोतला धोंडिराम असा दिसत होता, की पंगतीत ठेचा खाल्लाय आणि पाण्याऐवजी हातात सनई आलीय.

कुमुदिनीनं तो बघितला. म्हणाली, "द्यायचा तर द्या. मी दुकानात नसताना द्या."

बायको भांडली असती तर ह्यानं तो फोटो दिला असता. ती भांडली नाही, म्हणून अडकला. संध्याकाळी स्वतः धोंडिरामच्या घरी गेला. ओसरीवर बसला आणि सरळ सांगितलं. "धोंडिरामभाऊ, तो फोटो नाही. तुम्ही रडलात तेव्हा मी खाली बघत होतो. सगळ्यांनी बघितलं, मीच नाही बघितलं."

धोंडिरामनं टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाला, "मलाही तेवढंच बघायचं होतं हो. पोरगी वळली तेव्हा कशी दिसत होती, ते. माझ्या डोळ्यात पाणी आलं, मला काही दिसलंच नाही."

ऐकलंत? त्याला स्वतःचे अश्रू नको होते. त्याला लेक बघायची होती.

विश्वंभर घरी आला. जेवला नाही. दुसऱ्या दिवशी पुण्याला गेला, विक्रेत्याच्या हातापाया पडला, मोठा कॅमेरा परत दिला, तोटा सोसला आणि लहान घेऊन आला. जुनी लेन्स लावली. कुमुदिनीनं टिकल्यांचं रिकामं पाकीट कापून मागच्या स्क्रीनवर चिकटवलं. "आता घाला मान खाली," म्हणाली.

महिन्याभरानं सविता माहेरी आली आणि चार दिवस राहून परत निघाली. विश्वंभर कॅमेरा घेऊन हजर. कुणी बोलावलं नव्हतं. पण जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर लावली की सगळं जवळ आल्यासारखं दिसतं. बाप-लेक दारात उभे, आणि कॅमेऱ्याच्या खिडकीत नुसत्या हनुवट्या! विश्वंभर मागं सरकला. आणखी मागं. ओसरीवरून अंगणात, अंगणातून गल्लीत. शेजारणीच्या वाळवणात पाय पडला, तिनं त्याचा उद्धार केला, हा तरी मागंच जातोय. आणि तिथून त्याला सगळं दिसलं.

धोंडिराम लेकीची बॅग घेऊन पुढं चाललेला. खांद्यावरच्या बॅगेआड त्याचं तोंड लपलेलं. मागं वळून बघत नाही. लेक त्याच्या मागं चार पावलांवर, आणि ती बापाच्या पाठीकडं बघतेय. मंडळी, काय बघतेय! विश्वंभर थांबला. थांब, थांब... खट्. एकच.

धोंडिरामनं फोटो हातात घेतला. म्हणाला, "ह्यात माझं तोंडच नाही."

कुमुदिनी म्हणाली, "तुमचं नाही भाऊ. तिचं बघा."

त्यानं बघितलं. पुष्कळ वेळ बघितलं. मग तो फोटो उपरण्यात गुंडाळला आणि घरी घेऊन गेला.

आता तुमच्याकडं येतो. हसत होतात ना मघापासून विश्वंभरला? दुसऱ्या रांगेतल्या ताई, मी हे सांगत असताना तुमचा हात वर होता आणि नजर हातातल्या फोनमध्ये. अख्खं कीर्तन तुम्ही भरून घेतलंत. कुणाला दाखवणार? ज्यांना दाखवायचं, ते तुमच्या शेजारीच बसलेत. आणि पलीकडचे काका, तुम्ही नातवाला मांडीवर घेऊन आलात. तो केव्हापासून तोंड वर करून तुमच्याकडं बघतोय, आणि तुम्ही माझ्याकडं. माझ्याकडं काय बघता? मी उद्याही असाच दिसणार आहे, ह्या पोटासकट. तो उद्या असा दिसणार नाही.

बघा त्याच्याकडं. आरतीला अजून थोडा वेळ आहे, आणि गाभाऱ्यातला कुठं पळून जात नाही. तोवर मी थांबतो.